कॉलेजची पोरं आपलं पाणी तपासतात, पण रिझल्ट आपल्याला कोण सांगतं?

तलावपाळीकर
जरा लांबलचक होईल पण लिहितोच. ठाण्यात पस्तीसच्या आसपास तलाव, शेजारी खाडी, खाडीच्या काठालाच बांदोडकर कॉलेज, बाळकुमला मुंबई विद्यापीठाचं उपकेंद्र. दरवर्षी कोणीतरी मासुंदा नाहीतर उपवनचं पाणी बाटलीत भरून नेतं, डीओ (पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन) आणि बीओडी (पाण्यातली घाण कुजताना किती ऑक्सिजन खाते तो आकडा) काढतं, प्रोजेक्ट बाइंड करून देतं, मार्क मिळतात आणि विषय संपला. तलावाभोवती रोज फेऱ्या मारणाऱ्याला मात्र आत काय चाललंय ते शून्य माहीत.

हे डोक्यात बसलं ते घरच्याच अनुभवामुळे. माझी भाची केमिस्ट्रीला आहे, तिने आमच्या सोसायटीचं पाणी बघितलं. खालच्या टाकीत येणाऱ्या नळाच्या पाण्यात ऑर्थोटोलिडीनचे थेंब टाकले तर छान पिवळं झालं म्हणजे क्लोरीन आहे, आणि गच्चीवरच्या टाकीतून घरात येणाऱ्या पाण्याला काहीच रंग नाही! मग तिने एचटूएसची बाटली (पाण्यात मैल्याचे जंतू असले तर काळी पडते ती) भरून ठेवली, दुसऱ्या दिवशी काळी. वर जाऊन बघितलं तर टाकीचं झाकण अर्धं तुटलेलं आणि सगळीकडे कबुतरांची घाण. आम्ही इतकी वर्षं महापालिकेला शिव्या घालत होतो.

माझं म्हणणं एवढंच, प्रत्येक कॉलेजने एक तलाव आणि आजूबाजूच्या चार सोसायट्या घ्याव्यात, दर महिन्याला तपासावं आणि निकाल मराठीत, मोठ्या अक्षरात, तिथेच बोर्डावर लावावा.

नौपाडा_जुना
अजिबात पटलं नाही. पाण्याचं बिल आपण महापालिकेला भरतो का कॉलेजला? दरवर्षी पर्यावरण सद्यस्थिती अहवाल निघतो, त्यात तलावांचे आकडे असतात, ते आधी कोणी वाचतं का? पोरांकडून फुकट काम करून घ्यायचं आणि ज्यांचं काम आहे त्यांना मोकळं सोडायचं, हे कसलं शिक्षण. आणि झाकण बसवायला विद्यापीठ लागत नाही, सेक्रेटरीने गच्चीवर चढायला लागतं.

तलावपाळीकर
सेक्रेटरी चढला नाही ना पण, तोच तर मुद्दा आहे. काळी बाटली मीटिंगमध्ये टेबलावर ठेवल्यावर चढला.

लॅबवाली_कोपरखैरणे
पाण्याच्या लॅबमध्ये काम करते म्हणून सांगते, हेतू चांगला आहे पण बोर्डावर आकडा लावणं इतकं सोपं नाही. हिरव्या झालेल्या तलावाचं पाणी दुपारी तीनला घेतलं तर डीओ मस्त येतो, कारण शेवाळ उन्हात ऑक्सिजन सोडत असतं. रात्रभर तेच शेवाळ ऑक्सिजन खातं आणि पहाटे डीओ तळाला जातो, मासे मरतात ते त्या वेळी. कॉलेज अकराला भरतं. म्हणजे तुमच्या बोर्डावर "पाणी उत्तम" आणि सकाळी काठाला मेलेले मासे. डीओच्या बाटलीत तिथल्या तिथे केमिकल टाकून ऑक्सिजन फिक्स करावा लागतो, जंतूंसाठीचं सॅम्पल निर्जंतुक बाटलीत, बर्फात ठेवून त्याच दिवशी लॅबला पोचवावं लागतं. पोरं सॅम्पल दप्तरात टाकून दोन दिवसांनी काढतात, हे मी डोळ्यांनी बघितलंय.

अजून एक, भाचीला सांगा ऑर्थोटोलिडीन सोडून दे, आरोग्याला वाईट आहे ते. क्लोरीनसाठी डीपीडी नावाचं केमिकल वापरा, गुलाबी रंग येतो. घरच्या नळाला लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन दिसायला हवा. आणि एचटूएसची बाटली काळी झाली तर तो इशारा आहे, शेवटचा निकाल नाही, पक्कं करायला ई. कोलायची (मैल्यातून येणाऱ्या जंतूची) टेस्ट करा. १०० मिलीत एकही चालत नाही.

तलावपाळीकर
हे मान्य, डीपीडीचं आजच सांगतो. पण मग हेच पोरांना शिकवा ना. एकच जागा, एकच वेळ, वर्षभर. एका आकड्याला अर्थ नसेल, बारा महिने ओळीने लावले तर गणपतीनंतर काय होतं, पावसात काय होतं ते कोणालाही दिसेल.

खडू_फळा
मी शिकवतो. पर्यावरण हा विषय सुप्रीम कोर्टाच्या आदेशामुळे कंपल्सरी झाला आणि बहुतेक ठिकाणी गाईडमधून पाठ करून संपतो. आता नवीन शैक्षणिक धोरणात फिल्ड प्रोजेक्ट आणि कम्युनिटी एंगेजमेंटला क्रेडिट आहेत, म्हणजे तुम्ही म्हणता त्याला जागा आहे. पण एका मास्तरामागे शंभरच्या वर पोरं, केमिकलचं बजेट तुटपुंजं, पहाटे साडेपाचला मुलींना तलावावर बोलावलं तर पालकांचे फोन. शेवटी रॅली काढतात, फोटो काढतात, फाईलला लावतात. मला स्वतःला त्याचं फार वाईट वाटतं.

कळवा_कोळीण
रॅलीचं नाव काढू नका. "पाणी वाचवा" लिहिलेले बोर्ड घेऊन आमच्याकडे येतात, आम्हाला शिकवायला! माझे सासरे खाडीत जायचे, जिताडा, बोईस, कोळंबी घरात रोजची होती, आता जाळ्यात प्लॅस्टिक येतं. एकीकडे शहराचे नाले, दुसरीकडे टीटीसी म्हणजे ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या एमआयडीसीचे कारखाने, यात आमची काय चूक की आम्हाला समजवायचं? २०२२ ला खाडीला रामसरचा (जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांचा) दर्जा मिळाला, फ्लेमिंगो बघायला लोक बोटीने येतात, चांगलंच आहे, पण खाडीवर जगणाऱ्याला कोणी विचारलं नाही की पाणी कधी काळं होतं, वास कुठल्या नाल्याच्या तोंडाशी जास्त येतो.

नौपाडा_जुना
बरोबर बोललात ताई. म्हणून म्हणतो, नाल्याच्या तोंडाशी महापालिकेला आणि प्रदूषण मंडळाला उभं करा, पोरांना नको.

तलावपाळीकर
उभं करायला हातात काहीतरी लागतं ना दादा. "वास येतो" म्हणून अर्ज दिला तर फाईलमध्ये जातो, तारीख वेळ जागा आणि आकडा असला तर उत्तर द्यावं लागतं. ताई, लॅबवाली मॅडम सॅम्पल कसं घ्यायचं ते शिकवतील, सर पाचसहाच पोरं देऊ देत, तुम्ही जागा दाखवाल का?

खडू_फळा
पाचसहा जमतील. रविवारी सकाळी आठला चालेल?

कळवा_कोळीण
घड्याळ बघून येऊ नका, तिथी बघून या. भरतीला आलात तर खाडीचं पाणी आत चढलेलं असतं, नाल्याची घाण त्यात विरते, बाटलीत काही सापडणार नाही. ओहोटी लागून दोनतीन तास झाले की नाला उघडा पडतो, तेव्हा भरा. अष्टमीच्या आसपास भांग असते, पाणी जास्त हलत नाही, त्या दिवसात एकदा आणि अमावास्येच्या उधाणाला एकदा, दोन्ही वेळा या. गमबूट आणा, गुडघाभर चिखल आहे.