विषय: केस इंटरव्ह्यूच्या शेवटी शिफारस कशी सांगायची?

नमस्कार मंडळी,
कन्सल्टिंगच्या, म्हणजे कंपन्यांना व्यवसायाचा सल्ला देणाऱ्या फर्मच्या, मुलाखती तोंडावर आल्या आहेत. त्यात एखाद्या कंपनीची अडचण, म्हणजे 'केस', देऊन ती समोरच सोडवायला लावतात. एका गोष्टीवर सरावातल्या मित्रांचं एकमत होत नाही. शेवटी "सीईओ आत्ता येताहेत, त्यांना काय सांगाल?" असं विचारलं, तर आधी केलेल्या कामाचा आढावा घ्यायचा की थेट उत्तर द्यायचं? या क्षेत्रातल्या कुणी सांगितलं तर बरं होईल.

———

उत्तर:
थेट उत्तर. आढावा अजिबात नको.

तू कुठून सुरुवात केलीस, कुठला तक्ता पाहिलास, याच्याशी सीईओला देणंघेणं नाही. काय करायचं तेवढं त्याला हवंय. मॅकिन्झी या कन्सल्टिंग फर्ममध्ये असताना बार्बरा मिंटो यांनी रुजवलेली पिरॅमिडची रीत हीच: निष्कर्ष वर, आधार खाली. अडचण अशी की विचार आपण खालून वर केलेला असतो, म्हणून तोंडातूनही त्याच क्रमाने बाहेर पडतो.

समज, यंत्रं बनवणाऱ्या कंपनीला नव्या देशात उतरायचंय आणि गुंतवणूक ३ वर्षांत वसूल व्हायला हवी. मला असं ऐकायला आवडेल:

"उतरा, पण कारखाना न टाकता, वितरकामार्फत. कारखान्याला ६० मिलियन लागतात, वर्षाला १५ सुटतात, म्हणजे ४ वर्षं. तुमच्या अटीत बसत नाही. वितरकाच्या वाटेने २४ मिलियन लागतात, वर्षाला ९ सुटतात, म्हणजे २ वर्षं ८ महिने. शिवाय दुरुस्तीची यंत्रणा त्याच्याकडे तयार आहे. मोठा धोका एकच: त्याने प्रतिस्पर्ध्याचाही माल ठेवला तर ९चा आकडा टिकणार नाही. म्हणून आधी फक्त आपलाच माल ठेवण्याची अट घालून दोन-तीन वितरकांशी बोलू, ती मान्य झाली की मगच पैसे घाला."

मिनिटभरात होतं. प्रत्येक आकडा ग्राहकाच्या अटीशेजारी ठेवलाय, आणि पुढचं पाऊल धोक्यातूनच निघालंय. "स्पर्धा वाढू शकते, नियम बदलू शकतात" हे कुठल्याही केसला चिकटतं, म्हणून त्याची किंमत शून्य.

"अर्धा मिनिट विचार करू का?" असं विचारायला हरकत नाही, बहुतेक जण देतात. पण काही मुद्दाम देत नाहीत. त्यासाठी केस चालू असतानाच, प्रत्येक टप्पा संपला की "मग याचा अर्थ काय?" याचं एका ओळीत उत्तर कागदाच्या कोपऱ्यात लिहीत जा.

———

उत्तर:
ताई, पटलं. पण आम्ही इंजिनिअर मंडळी "अवलंबून आहे" म्हटल्याशिवाय राहत नाही! अर्ध्या तासाच्या अर्धवट माहितीवर इतकं छातीठोक बोलणं म्हणजे नुसता आव आणणं नाही का?

———

उत्तर:
काका, "अवलंबून आहे" म्हणा की, पण कशावर आणि किती ते सांगा. वरच्याच केसमध्ये नफा ८वर आला तरी बरोबर ३ वर्षं होतात. म्हणजे "८च्या खाली जाणार असेल तर थांबा" असं सांगता येतं. यात आव कुठे आला? उलट आपल्याला किती खात्री आहे, हे यातून नेमकं कळतं.

मुलाखतकार "मला नाही पटत" म्हणाला की लगेच पलटी मारणारे खूप. आधी विचारावं, कुठलं गृहीतक खटकतंय? नुसता दबाव टाकून बघत असेल तर उत्तरावर ठाम राहावं. पण "वितरकाचं कमिशन वाढलं, नफा ७वर आला" अशी नवी माहिती दिली, तर २४ भागिले ७, जवळजवळ साडेतीन वर्षं, अट मोडली. तिथे शिफारस बदलणंच बरोबर, आणि का बदलली ते एका वाक्यात सांगायचं.

———

उत्तर:
ताई, काका, आभार. शिफारस सगळीकडे मागतात का?

———

उत्तर:
नाही. मॅकिन्झीत बहुधा मुलाखतकारच केस पुढे नेतो, तिथे कधीकधी शेवटच्या प्रश्नावरच विषय संपतो. बीसीजी, बेन या फर्ममध्ये बहुतेक वेळा केस तू चालवायची असते, त्यामुळे शिफारस मागायची वाट बघू नकोस, वेळ संपत आली की आपणहून सुरू कर. शनिवारी ऑनलाइन बसू. एक केस तयार ठेव, आकडे मी मध्येच बदलणार आहे.