लाल फुलदाणीचा काठ पांढरा का?

ओलीमाती:
तैपेईच्या राष्ट्रीय राजवाडा संग्रहालयातली चिनी सम्राट शुआनदेच्या काळातली (१४२६-३५) लाल चिनीमातीची झारी पाहिल्यापासून डोक्यातून जात नाही. भिक्षूच्या टोपीसारखं तोंड, अंगभर एकच लाल आणि कडेला दोऱ्याएवढी पांढरी रेघ. माझ्याकडे वीतभर उंचीची लाल फुलदाणी आहे, तिचाही काठ पांढराच. तळावर कांगशी या नंतरच्या चिनी सम्राटाचा सहा अक्षरी शिक्का. रंग उडालाय की असाच असतो?

भट्टीवाला:
उडालेला नाही, असाच असतो, आणि मला तोच सगळ्यात आवडतो! वीस वर्षं तांब्याच्या लालामागे आहे म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

हा लाल म्हणजे ग्लेझमधलं, म्हणजे भांड्यावरच्या काचेसारख्या लेपातलं तांबं, जेमतेम अर्धा टक्का, बऱ्याचदा त्याहूनही कमी. भट्टीत प्राणवायू तोडला की त्याचे अतिसूक्ष्म कण काचेत अडकतात आणि लाल दिसतात. हवा जास्त झाली तर हिरवं. त्यात तांबं तापून उडून जातं. काठावरून ग्लेझ खाली ओघळतं, थर पातळ होतो आणि तिथे लाल टिकतच नाही. माझ्या एका वाडग्याला अर्धी बाजू रक्तासारखी लाल आणि अर्धी राखाडी आली होती. भट्टी एकच, आच एकच, फक्त राखाडी बाजू हवा येणाऱ्या फटीकडे होती. चिनीमातीसाठी प्रसिद्ध जिंगदेझेन शहरातल्या कारागिरांनी हे नुसत्या नजरेने सांभाळलं. तरी शुआनदेनंतर ते कसब हातून गेलंच. पुढे जियाजिंग सम्राटाच्या काळात लोहाचा लाल वापरावा लागला.

कांगशीच्या काळात तांब्याचा लाल परत आला. लांग तिंगजी १७०५ ते १७१२ जियांगशीचा सुभेदार होता, त्याच्या नावावरून या लाल भांड्यांना लांगयाओ म्हणतात. त्यांच्यावर खाली ग्लेझ दाट, काळसर होतं, पण पायाच्या कडेशी येऊन थांबतं. चिनी जाणकार म्हणतात, 'लांग वाहत नाही.' तुमच्या फुलदाणीचा पाया कसा आहे? अंगठा फिरवून बघा.

चांदणी१२:
शिक्क्याचं मला खटकतंय. लांगयाओवर सहसा शिक्का नसतोच. कांगशीचा सहा अक्षरी शिक्का असतो तो लेखनाच्या मेजावरच्या फिकट गुलाबी-लाल भांड्यांवर, ज्यांच्यावर मधूनच हिरवी झाक येते. त्यातली एक फुलदाणी १८८६ साली न्यूयॉर्कच्या लिलावात १८,००० डॉलरला गेली होती.

ओलीमाती:
आत्ताच बघितलं. पायाच्या कडेला ग्लेझ खाली ओघळून आलंय आणि मग ते घासून काढलंय. उजेडात तिरकं धरलं की बारीक समांतर ओरखडे दिसतात.

भट्टीवाला:
मग नंतरची आहे, बहुधा एकोणिसाव्या शतकातली किंवा त्याहूनही अलीकडची. शिक्का मागाहून मान मिळवण्यासाठी. पण खांद्यावरचा लाल कसा आहे? आत खोलवर बारीक बुडबुडे दिसतात का? भिंगाने बघून सांगा, आणि जमलं तर फोटो टाका.