जपानमध्ये अंत्यविधीला सात लाख? एवढे पैसे जातात तरी कुठे?

गंगापूररोडकर
धाकटा योकोहामात नोकरीला आहे. त्याच्या साहेबांचे वडील वारले, हा भेटून आला. सगळं मिळून बारा लाख येन लागले म्हणे. आपले सात लाखांच्या आसपास! आमच्या अण्णांचं पंचवटीच्या अमरधामात झालं. महापालिकेच्या मोफत योजनेत सरण मिळालं, पदरचं गेलं ते तिरडीचं सामान, हार-फुलं आणि गुरुजींची दक्षिणा. तिकडेही दहनच करतात ना? मग लाकडं काय चंदनाची लावतात?

नाशिकरोडची_मेघा
काका, काही वर्षं योकोहामात काढली आहेत म्हणून सांगते. दहन स्वस्तच आहे. तिथल्या रहिवाशाला महापालिकेच्या दाहिनीत १२,००० येन पडतात. पैसे जातात ते त्याच्या आगेमागे. मोठ्या शहरात दाहिनीचा नंबर लगेच लागत नाही, कधी कधी आठवडाही जातो. तोवर देह थंड ठेवायचा, त्या ड्राय आइसचे पैसे रोजच्या रोज चढतात. मग हॉल, फुलांची सजावट, शवपेटी (जी जाळायचीच असते), आदल्या रात्री आलेल्यांचं जेवण. आणि भिक्षू! ते मृताला नवं नाव देतात, काइम्यो. नावाचा दर्जा वरचा तशी दक्षिणा वाढते, पण आकडा विचारला तर "मनाला येईल ते द्या". हे वाक्य रामकुंडावर मीही ऐकलंय.

पण बारा लाख साहेबांच्याच खिशातून गेले असं धरू नका. येणारा प्रत्येक जण पाकिटात रोख आणतो, त्याला कोदेन म्हणतात. ऑफिसातले साधारण ५,००० येन, जवळचे नातेवाईक १०,००० किंवा जास्त. दारात टेबल मांडून नाव आणि रक्कम लिहून घेतात, लग्नातल्या आहेरासारखी. कोरी नोट द्यायची नाही, जणू तुम्ही तयारीतच बसला होतात! माझ्या नवऱ्याने एटीएमची करकरीत नोट मुद्दाम घडी घालून चुरगळली होती. मग ४९ दिवस झाले की घरचे साधारण निम्म्या किमतीची वस्तू परत पाठवतात. आम्हाला टॉवेल आला. उरलेलं अर्धं खर्चाला. शिवाय राष्ट्रीय आरोग्य विम्यात असलेल्याच्या मागे साधारण ५०,००० येन मिळतात, अर्ज मात्र करावा लागतो.

करोनानंतर फक्त घरच्या माणसांत उरकायची पद्धत वाढलीय. गर्दी कमी, खर्च कमी, पण पाकिटंही कमी.

सिडकोवाला
आपलं स्वस्त म्हणताय ते राख सावडेपर्यंत. पुढे दशक्रिया आहे! मंडप, साउंड, प्रवचनाला महाराज, मग पुढाऱ्यांची श्रद्धांजली. तिकडे पिंडाला कावळा शिवेना आणि इकडे भाषण संपेना. तेराव्याला गोड जेवण, पानं मोजायचीच नाहीत. मामेभावाने मामांच्या वेळी सोसायटीचं कर्ज काढलं. आणि येणारे काय आणतात? टॉवेल-टोपी. घालायला कोणी नाही, पुढच्या दशक्रियेत फिरवायच्या. त्यापेक्षा जपान्यांचं पाकीट लाख पटीने बरं.

निफाडचा_दादा
पाकिटाचं एवढं कौतुक नको. आमच्या भावकीत एका घरी दुखवट्याला रोख घेतली. "आम्ही एकवीसशे दिले, तुम्ही पाचशे एक" म्हणत अजून दोन घरांत बोलाचाली नाही.
खरी अडचण दराची. त्या दिवशी मंडपवाल्याशी घासाघीस कोण करणार? अमेरिकेत १९८४ पासून नियम आहे, अंत्यविधीवाल्याकडे मागितलं की प्रत्येक गोष्टीचं दरपत्रक द्यावंच लागतं. पेटी नको, एम्बामिंग (देह टिकवायला रसायनं भरणं) नको, असं एकेक वगळता येतं. तरी तिथे स्वस्त नाहीच म्हणा.

गंगापूररोडकर
मेघाताई, आता उलगडा झाला. सौ. आत्ताच बजावून गेल्या, माझ्या वेळी प्रवचन नको. पण टोपीऐवजी पाकीट आणा असं शोकपत्रात छापणार कोण?

सिडकोवाला
काका, पाकिटाचं नका छापू. "टॉवेल-टोपी आणू नये" एवढंच छापा. आम्ही वडिलांच्या वेळी ठळक अक्षरात छापलं होतं. तरी पोतंभर आल्याच.