डग्लस स्टुअर्ट: पहिल्याच कादंबरीला बुकर, मग त्याआधी हा माणूस करत काय होता?

रात्रीचा वाचक:
'शगी बेन' काल संपवली, अजून डोक्यातून जात नाहीये. लेखकाचं बघितलं तर २०२० चं बुकर मिळालं तेव्हा ४४ वर्षांचा आणि ही पहिलीच कादंबरी! इतकी वर्षं कुठे होता? आणि हे सगळं त्याचंच आयुष्य आहे का?

कोपऱ्यातली खुर्ची:
कपडे डिझाइन करत होता 😄 जन्म १९७६ चा, स्कॉटलंडमधल्या ग्लासगोचा. आई दारूपायी गेली तेव्हा हा १६ चा. मग टेक्स्टाइल शिकला, लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ आर्टमधून एमए केलं आणि तिथून न्यूयॉर्क, केल्विन क्लाइन, राल्फ लॉरेन वगैरे. नोकरी सांभाळून दहाएक वर्षं हीच कादंबरी लिहीत होता आणि वर ३० पेक्षा जास्त प्रकाशकांनी नको म्हटलं. मी तर तिसऱ्या नकारालाच फाइल डिलीट केली असती.

अर्धा कप:
आईचं दारूचं व्यसन, ग्लासगो, थॅचरबाईंचा काळ, हे सगळं त्याने भोगलेलं आहे, पण सरळ आत्मचरित्र समजू नका, कादंबरीच आहे ती. मला विचाराल तर फॅशनमधली वर्षं वाया गेलेलीच नाहीत. ॲग्नेस, म्हणजे कादंबरीतली शगीची आई, कितीही प्यायलेली असो, बाहेर पडताना नटूनथटूनच, कोळशाची खाण बंद पडलेल्या वस्तीत सगळ्या बायका बघत राहतात. हे कपड्यातल्या माणसालाच दिसणार. आणि ते तीन मग आठवतात का? पोरगं आईच्या उशाशी एकात पाणी, एकात दूध आणि तिसऱ्यात उरलीसुरली बिअर ओतून ठेवतं, म्हणजे उठल्यावर हात थरथरायला नकोत. एवढंसं पोर ते, आणि त्याला हे सगळं पाठ. मी तिथे पुस्तक मिटून ठेवलं होतं दोन दिवस.

जुना मेंबर:
ग्लासगोबद्दल बोलताय तर लेखक जेम्स केल्मन राहिला की. १९९४ चं बुकर त्याच्या कादंबरीला, स्कॉटलंडचा पहिला विजेता तो. तेव्हा तिच्यातल्या ग्लासगोच्या बोलीवरून आणि शिव्यांवरून केवढा गदारोळ झाला होता, एका परीक्षकबाईंनीच जाहीर नाराजी दाखवली. त्याच पुस्तकाने आपलं आयुष्य बदललं असं स्टुअर्ट स्वतः सांगतो, आणि दुसरा स्कॉटिश विजेता तोच. 'शगी बेन'मधली बोली अडत असेल तर संवाद मोठ्याने वाचून बघा, निम्मं तिथेच सुटतं.

रात्रीचा वाचक:
ते तीन मग मी भराभर वाचत पुढे गेलो होतो, आता परत काढतो ते पान. स्टुअर्टचंच 'यंग मंगो' घेऊ का मग?

अर्धा कप:
घ्या, २०२२ चं आहे. एक प्रोटेस्टंट पोरगा, एक कॅथलिक, दोघांचं प्रेम, परत ग्लासगोच. पण लगेच नको, महिनाभर थांबा.