आजोबांच्या वस्तऱ्याने दाढी करायला शिकायचे आहे, सुरुवात कशी करावी?

प्रश्न (वाशिष्ठीकाठ)

नमस्कार. गेल्या महिन्यात चिपळूणच्या घरातील जुनी पत्र्याची ट्रंक आवरताना आजोबांचा वस्तरा हाती लागला. पात्याच्या मुळाशी ‘सोलिंगेन, जर्मनी’ ही अक्षरे अजून स्पष्ट वाचता येतात आणि काळी मूठ कोठेही तडकलेली नाही. मात्र पात्याच्या दोन्ही अंगांवर तांबूस डाग आहेत आणि टोकाजवळ, तांदळाच्या दाण्याएवढ्या भागात, गंजाने बारीक खड्डे पाडले आहेत. आजोबा रोज सकाळी ओटीवर आरसा टांगून याच वस्तऱ्याने दाढी करत, हे मी लहानपणी पाहिलेले आहे. आज घरात ही विद्या कोणालाच येत नाही.

मी आजवर तीन पात्यांच्या रेझरने दाढी करत आलो आणि मानेवर केस आत वळून येणाऱ्या पुळ्यांनी त्रासलो आहे. हा वस्तरा पुन्हा वापरण्याजोगा होईल का, बाजारात चाक घेऊन बसणाऱ्या धारवाल्याकडून त्याला धार लावून घ्यावी का, आणि आधी सलूनमधल्या अर्ध्या ब्लेडच्या वस्तऱ्यावर हात बसवावा का, याविषयी जाणकारांनी मार्गदर्शन करावे, ही विनंती.

प्रतिसाद (ऱ्हाइनकाठ)

आधी एकच सांगतो: धारवाल्याकडे वस्तरा कृपया देऊ नका. माझ्या काकांचा असाच एक चांगला वस्तरा मी विळी-सुऱ्यांबरोबर चाकावर लावून आणला होता आणि दोन मिनिटांत तो कायमचा गेला. वस्तऱ्याची जाड पाठ ही नुसती शोभेची नसते. दगडावर पाते आडवे ठेवले की पाठ आणि धार दोन्ही एकाच वेळी दगडाला टेकतात आणि धारेचा कोन आपोआप मिळतो. चाकावर हा आधार सुटतो, पातळ पोलाद तापते आणि त्याचे पाणी, म्हणजे कडकपणा, उतरते.

मी नोकरीनिमित्त ड्युसेलडॉर्फला राहतो. सोलिंगेन येथून जवळच आहे आणि तिथल्या ग्रेफ्राट भागातील पात्यांचे संग्रहालय मी पाहिले आहे. या गावाचे नाव पात्यावर कोरण्याचा हक्क १९३८ पासून कायद्याने राखून ठेवलेला आहे. उत्तम जर्मन वस्तऱ्यांची पाती दोन्ही बाजूंनी इतकी खोल पोखरलेली असतात की अंगठ्याच्या नखावर धार हलकेच टेकवली तर ती किंचित लवताना डोळ्यांना दिसते. असे पाते कोनाच्या बाबतीत जरासाही हलगर्जीपणा सहन करत नाही.

आपल्या वस्तऱ्याचे भवितव्य त्या खड्ड्यांवर अवलंबून आहे. अंगावरचे डाग धातूच्या पॉलिशने, पाठीकडून धारेकडे पुसत गेल्यास, बरेचसे निघतील आणि उरले तरी बिघडत नाही. परंतु खड्डे थेट धारेला भिडले असतील, तर तेवढी धार झिजवून मागे न्यावी लागेल, कारण खड्ड्यापाशी धार टिकत नाही, तिचा कण तुटतो आणि तो दात गालावर ओरखडे काढतो. दगडांचा क्रम साधारणपणे १००० ग्रिट (ग्रिट म्हणजे दगडाच्या बारीकपणाचा आकडा), मग ४०००, ८००० आणि शेवटी १२००० असा असतो. हे काम पहिल्याच वेळी स्वतः करू नका. वस्तऱ्यांनाच धार लावणाऱ्या माणसाकडून एकदा करून घ्या. नवशिक्याची बहुतेक रक्तबंबाळ दाढी बोथट वस्तऱ्यामुळे होते, कारण बोथट पाते कापत नाही म्हणून माणूस जोर लावतो.

प्रतिसाद (धोकटी)

आमचा पिढीजात व्यवसाय हाच आहे आणि माझ्या वडिलांनी मला प्रथम फुग्यावर शिकवले. फुगा फुगवून त्याला साबणाचा फेस लावायचा आणि तो न फुटता वस्तऱ्याने सगळा फेस उतरवायचा. आठ दिवस मी नुसते फुगे फोडत होतो. दहावा फुगा फुटल्यावर वडील म्हणाले, “वस्तरा तू ढकलतोयस. त्याचं वजन त्याला वाहू दे.” तुम्हीही हेच करा.

पकड अशी ठेवा. वस्तऱ्याची मूठ पूर्ण उघडून वर करा, पात्याच्या दांडीवर वरून तीन बोटे, खालून अंगठा आणि मागच्या वळलेल्या शेपटीवर करंगळी. मनगट सैल असले पाहिजे. पाठ आणि गाल यांच्यामध्ये पाठीच्या दोन जाडींएवढी फट राहील, म्हणजे साधारण तीस अंशांचा कोन होईल. पाते याहून आडवे पडले तर केस ओढले जातात आणि उभे झाले तर कातडी खरवडली जाते. वस्तरा नेहमी धारेच्या काटकोनात पुढे सरकवावा. धारेच्या लांबीच्या दिशेने तो केसभर जरी सरकला, तरी जखम झालीच म्हणून समजा. कोन बरोबर असेल तर सुकी पाने चुरगळल्यासारखा बारीक आवाज येतो. मी आजही डोळ्यांपेक्षा त्या आवाजावर अधिक भरवसा ठेवतो.

दुसरा हात रिकामा नसतो, हे नवीन माणसाच्या लक्षात येत नाही. त्याने कातडी ताणून धरायची असते आणि अर्धी दाढी खरे तर तोच हात करतो. बोटे ओली असतील तर कातडी निसटते, म्हणून त्यांना थोडी तुरटी लावून घ्या.

पहिले दोन आठवडे फक्त कानशिलापासून जबड्याच्या हाडापर्यंतचा सपाट गाल वस्तऱ्याने करा आणि बाकीची दाढी नेहमीच्या रेझरने उरका. हनुवटी आणि ओठावरची जागा सर्वांत शेवटी. मानेवरचे केस कुठे खाली, कुठे आडवे वाढतात, तेव्हा बोटे फिरवून त्यांचा कल आधी पाहून ठेवा. तुम्हाला पुळ्यांचा त्रास आहे, म्हणून उलटा हात, म्हणजे केसांच्या कलाविरुद्ध, तिथे मुळीच मारू नका. गरम पाण्याने तोंड धुऊन फेस दोन-तीन मिनिटे मुरू द्या, म्हणजे केस पाणी पिऊन मऊ होतात.

प्रत्येक दाढीपूर्वी वस्तरा चामड्याच्या पट्ट्यावर चाळीस-पन्नास वेळा फिरवायचा असतो. दगडावर धार पुढे असते, पट्ट्यावर मात्र पाठ पुढे आणि धार मागून ओढली जाते. टोकाला पोचलात की पाते पाठीवरच उलटवा, धारेवर कधीही नाही. पट्टा ताठ ओढून धरा, तो सैल राहिला तर धार गोल होते. सुरुवातीला पट्ट्यावर चिरा पडतातच, म्हणून स्वस्तातला घ्या. तळहातावर वस्तरा फिरवणारे जुने कारागीर तुम्ही पाहिले असतील. ती सवय कृपया उचलू नका.

वस्तरा हातातून सुटला तर तो झेलायला जाऊ नका. पडू द्या.

प्रतिसाद (सांजवेळ)

अर्ध्या ब्लेडच्या वस्तऱ्याविषयी माझा अनुभव थोडा वेगळा आहे. तो हलका असतो आणि त्याची धार अधिक कडक असल्याने हात जरा चुकला तरी लगेच कापते. आजोबांच्या वस्तऱ्याचे वजन हाताला सावरून धरते. तरीही पट्टा आणि दगड यांची चिंता नसल्यामुळे नुसता कोन शिकण्यासाठी अर्ध्या ब्लेडचा वस्तरा उपयोगी पडतो. कोणताही वस्तरा घरात दुसऱ्याला देऊ नये, कारण रक्तातून कावीळ ‘ब’ आणि एचआयव्हीचा संसर्ग होऊ शकतो. रक्त पातळ करणारी औषधे चालू असतील तर डॉक्टरांना विचारूनच सुरुवात करावी.

कोकणातल्या पावसाळ्यासाठी एक सूचना: दाढी झाल्यावर पाते पूर्ण कोरडे करून त्याला शिलाई मशीनच्या तेलाचा हात द्या. खोबरेल तेल चिकट होते. ओल्या न्हाणीघरात वस्तरा ठेवू नका.

प्रश्नकर्ता (वाशिष्ठीकाठ)

सर्वांचे मनापासून आभार. वस्तरा धार लावून आला. टोकाचा दाण्याएवढा भाग झिजवावा लागला, पण बाकीची धार शाबूत निघाली. सात फुगे फोडल्यानंतर आठवा वाचला. उजवा गाल आता नीट होतो, मात्र डाव्या गालावर जबड्याजवळ एका जागी तुरटी रोज झोंबते. उजवा हात नाकावरून पलीकडे नेताना कोपर आरशाच्या आड येते.

प्रतिसाद (धोकटी)

तुरटी झोंबते तिथे तुमचा हात दाबतो आहे. आरसा थोडा डावीकडे सरकवा, मान उजवीकडे वळवा आणि डाव्या हाताने कानापाशी कातडी वर ओढून धरा, म्हणजे जबड्याच्या हाडावरची कातडी सरकून गालावर सपाट येईल. तरी जमले नाही तर वस्तरा डाव्या हातात घ्या. चार दिवस तो परका वाटेल. पण डाव्या हाताला जोर लावायची सवय नसते, म्हणून पुष्कळांचा डावा गाल पुढे उजव्यापेक्षा चांगला होतो.