मराठी पिक्चरला शो मिळत नाहीत की आपणच जात नाही?

चहाबाज
दर दोन-तीन महिन्यांनी तेच चालू असतं. मराठी पिक्चर लागतो, सोमवारी शो निम्मे होतात, दिग्दर्शक रडवेला व्हिडिओ टाकतो, मग कुठलातरी पक्ष थेटरवाल्याला निवेदन देतो नाहीतर काचा फोडायची धमकी देतो आणि आपण सगळे लाईक ठोकून घरी बसतो. २०२५ च्या जुलैत मराठी 'ये रे ये रे पैसा ३' आणि हिंदी 'सैयारा' एकाच शुक्रवारी आले तेव्हापण हेच. मनसेने इशारा दिला, चॅनेलवाल्यांना दोन दिवसांचं खाद्य मिळालं, विषय संपला.
माझं म्हणणं, शिव्या घालायच्या तर घाला, की थेटरवाला काय मराठीद्वेष्टा वगैरे नाही, त्याला खुर्ची भरलेली पाहिजे बास. २०१६ ला 'सैराट'साठी कुणी मोर्चा काढला होता का, लोकांनीच गर्दी केली म्हणून मध्यरात्रीचे शो लावावे लागले. २०२३ ला 'बाईपण भारी देवा'ला बायका साड्या नेसून, अख्खी भिशीची गँग घेऊन गेल्या. म्हणजे जायचं मनात आलं की आपण जातो. बाकी वेळी "येईल की ओटीटीवर".

निवांत_निपाणीकर
खुर्ची भरलेली पाहिजे हे मान्य, पण सकाळी सव्वानऊला खुर्चीत बसायला कोण येणार ते सांगा. आमच्या इथल्या मल्टिप्लेक्समध्ये मराठीला एक शो सकाळी आणि एक दुपारी पावणेतीनला, तोपण मंगळवारी. माणूस ऑफिसला जाणार की पिक्चरला? आधी मरायची वेळ द्यायची आणि मग म्हणायचं गर्दी नव्हती.

चहाबाज
त्यासाठीच तर प्राईम टाईमचा नियम आणला होता ना.

निवांत_निपाणीकर
आणला होता, पण काय झालं ते पण सांगा की. एप्रिल २०१५, विनोद तावडे सांस्कृतिक मंत्री, आधी म्हणाले संध्याकाळी ६ ते ९ मध्ये मराठी पिक्चर दाखवावाच लागेल. मग लेखिका शोभा डे यांचं खिल्ली उडवणारं ट्विट, की आता थेटरात पॉपकॉर्नऐवजी दही-मिसळ आणि वडापाव, त्यावर शिवसेनेचा मिसळ-वडापाव मोर्चा, सगळा तमाशा, आणि त्या गदारोळात वेळ झाली दुपारी १२ ते रात्री ९. दुपारी साडेबाराचा शो लावला तरी नियम पाळला! हे प्राईम टाईम कुणाचं, शाळेत दुपारची सुट्टी झालेल्या पोरांचं?

दादरचे_नाना
अहो मोर्चे काय आजचे आहेत का. १९७१ ला दादा कोंडके यांचा 'सोंगाड्या' दादरच्या कोहिनूरमध्ये लावायला थेटरवाला तयार नव्हता, त्याला देव आनंदचा पिक्चर ठेवायचा होता. बाळासाहेब मध्ये पडले, शिवसैनिक गेले, मग लागला. त्यामुळे राजकारणाने काही होत नाही असं चहाबाजराव म्हणतायत ते अर्धंच खरं आहे.

चहाबाज
नाना, लागला शिवसेनेमुळे पण चालला दादांमुळे. पहिले दोन दिवस कार्यकर्ते खुर्च्या भरतीलही, पुढचे आठवडे कोण भरणार?

दादरचे_नाना
आणि लागलाच नसता तर दादा काय घरी बसून चालवणार होते?

वितरणवाला_गप्प
थोडं धंद्याचं बोलतो कारण इथे सगळे भावनेवर चाललेत. २००९ मध्ये निर्माते आणि मल्टिप्लेक्सवाल्यांचं भांडण होऊन नवे पिक्चर बंद होते, त्यानंतर जे ठरलं त्यात पहिल्या आठवड्यात वितरकाला ५० टक्के, मग ४२.५, मग ३७.५ आणि चौथ्या आठवड्यात ३०. म्हणजे पिक्चर जितका जुना होतो तितका थेटरवाल्याचा वाटा वाढतो. आता मराठी पिक्चर चालतो कसा, तर तोंडातोंडी. शनिवारी आत्याने बघितला, ती बुधवारी वहिनीला सांगणार, वहिनी पुढच्या रविवारी जाणार. वाटणीचं गणित बघितलं तर हे थेटरवाल्याच्याच फायद्याचं आहे, पण तो तोवर थांबतच नाही कारण पुढच्या शुक्रवारचा हिंदी पिक्चर दारात उभा असतो आणि मोठा वितरक सिंगल स्क्रीनवाल्याला सांगतो, द्यायचे तर सगळे शो आम्हाला दे. त्यात मराठी निर्मात्याकडे जाहिरातीला पैसे नसतात, तर शुक्रवारी पिक्चर लागलाय हेच आत्याला माहीत नसतं.
आणि आपलेच लोक काय करतात बघा. १२ सप्टेंबर २०२५ ला 'दशावतार', 'बिन लग्नाची गोष्ट' आणि 'आरपार' तिन्ही एकाच दिवशी. आता यात कुठल्या हिंदीवाल्याचा दोष? 'दशावतार' चालला, चांगला चालला, पण बाकी दोघांनी तारीख बदलायला काय हरकत होती.

स्वयंपाकघर_ते_स्क्रीन
पुरुष मंडळी नियम आणि टक्केवारीत अडकलीयेत, तिकिटाचं कुणी बोलेना. मी, नवरा, दोन मुलं. तिकिटं, जायची-यायची रिक्षा, इंटरव्हलला मुलं पॉपकॉर्न मागणारच, महिन्याचा किराणा डोळ्यासमोर येतो. २०१८ ला पॉपकॉर्नवरून मनसेने पुण्यात राडा केला, नागपूरच्या अधिवेशनात मंत्री म्हणाले बाहेरचं खाणं नेता येईल, आम्ही खूष. जानेवारी २०२३ ला सुप्रीम कोर्टाने सांगितलं थेटरवाला बाहेरचं खाणं अडवू शकतो, फक्त पिण्याचं पाणी फुकट द्यायचं. झालं, पाणी पिऊन या.
आणि मराठी माणूस जातच नाही म्हणणाऱ्यांनी २३ सप्टेंबर २०२२ आठवावा, सिनेमा दिनाला ७५ रुपये तिकीट होतं तर शो फुल्ल होते. मराठी-हिंदी काही नाही, खिसा बोलतो.

चहाबाज
ताई, खिशाचं पटतं, पण मग ५०० रुपये देऊन हिंदी ॲक्शनपट बघायला तोच खिसा कसा उघडतो? आमच्या सोसायटीत विचारा, मोठ्या हिंदी पिक्चरचं बुकिंग ग्रुपवर होतं आणि मराठीला "कसाय ते कळलं की बघू".

स्वयंपाकघर_ते_स्क्रीन
भाऊ, वर्षातून दोनदाच परवडत असेल तर माणूस मोठ्या पडद्यावर मोठं काहीतरीच बघणार ना. दोन खोल्यांत घडणारी सासू-सुनेची गोष्ट घरच्या टीव्हीवर पण तेवढीच दिसते. हा दोष निर्मात्यांचा, आमचा नाही. गाड्या उडवा असं म्हणत नाहीये, पण 'दशावतार'मध्ये कोकण पडद्यावर दिसलं म्हणून लोक गेले.

साॅल्टलेक_नाही_सोलापूर
कर्नाटकात सरकारने सप्टेंबर २०२५ ला २०० रुपये कमाल तिकीट असा आदेश काढला होता. हायकोर्टाने लगेच स्थगिती दिली ती गोष्ट वेगळी, पण निदान प्रयत्न तरी केला. आपल्याकडे सगळ्या पक्षांना मराठी अस्मिता पाहिजे, तिकिटाला हात लावायला कुणी तयार नाही कारण त्यात फोटो निघत नाही.

चहाबाज
२०० रुपये केले तर आधी हिंदीचीच गर्दी वाढेल, लिहून घ्या.

उदगीरचा_पोऱ्या
तुमची भांडणं वाचून मज्जा आली राव. तुम्हाला निदान सकाळचा सव्वानऊचा शो तरी आहे. आमच्याकडे जुनं थेटर होतं त्याचं मंगल कार्यालय झालं, पिक्चर बघायचा तर लातूर गाठा, म्हणजे तिकिटाच्या वर एसटी आणि जेवण. आणि मराठी बघणारी पब्लिक सगळी आमच्यासारख्या गावांत. तुम्ही पुण्या-मुंबईच्या मल्टिप्लेक्समध्ये कुणाचा शो कधी यावर मारामारी करताय, तालुक्याच्या गावी शंभर खुर्च्यांचं साधं थेटर, शंभर रुपये तिकीट, यावर एक पण पक्ष बोलत नाही.

वितरणवाला_गप्प
खरंय. शंभर खुर्च्यांचं थेटर काढायचं म्हटलं तर परवाने, अग्निशमन, प्रोजेक्टर, एवढा खर्च करून शंभर रुपयांत निघत नाही, सरकारने जागा दिली तरच जमेल. पण तिथे पण पहिल्या शुक्रवारी तेलुगूतून डब केलेलाच लागेल बघ.

उदगीरचा_पोऱ्या
लागू द्या की, आम्हाला तोपण आवडतो. संध्याकाळचा मराठीला ठेवा म्हंजे झालं.

चहाबाज
बरं, या शनिवारी संध्याकाळी सातचा मराठी शो आहे कोथरूडला. कोण कोण येतंय, नावं टाका.

निवांत_निपाणीकर
शनिवारी जमणार नाही, पाहुणे आहेत. ओटीटीवर येईल ना?