कॉम्प्युटर व्हिजन आणि न्यूरोसायन्स, दोन्ही धरून संशोधनात करिअर होतं का?

निरभ्र:
नमस्कार मंडळी, मास्टर्सचं शेवटचं वर्ष चालू आहे, प्रोजेक्ट इमेज सेग्मेंटेशनवर (फोटोतले भाग वेगळे करणं) आहे. गेल्या वर्षी सहज म्हणून ह्युबेल आणि वीझल ह्या मेंदूशास्त्रज्ञांचं मांजराच्या मेंदूतल्या दृष्टीच्या पेशींवरचं काम वाचायला घेतलं, म्हणजे ठिपके दाखवून पेशी काही बोलत नव्हती आणि काचेची स्लाइड सरकवताना तिच्या कडेची सावली पडद्यावर हलली तेव्हा धडाधड फायर व्हायला (सिग्नल सोडायला) लागली, ते. तेव्हापासून नुसतं अ‍ॅक्युरसी वाढवण्यात मन लागत नाहीये. आता पीएचडीला अर्ज करायचेत आणि गाईड म्हणतात एक काहीतरी पकड, दोन डगरींवर हात ठेवलास तर दोन्हीकडे अर्धवट राहशील. दोन्ही विषय जोडणाऱ्या डेव्हिड मारचं नाव सगळे घेतात, पण त्याचं करिअर नक्की कसं घडलं? आणि तो रस्ता आज चालतो का?

सांजवात:
मारबद्दल लिहिते, लांबेल, पण तुझ्या प्रश्नाचं उत्तर त्यातच आहे असं मला वाटतं.

मूळ गणिताचा माणूस, केंब्रिजचा. तिथून मेंदूकडे वळला आणि १९६९ ला लहान मेंदूवर पेपर काढला. तिथल्या पर्किंजी पेशीला दोन प्रकारची जोडणी असते, लाखभराच्या वर बारीक पॅरलल फायबर (तंतू) आणि फक्त एक दणकट क्लायम्बिंग फायबर. मार म्हणाला की तो एकटा फायबर म्हणजे शिक्षक, तो फायर होतो त्याच वेळी जे पॅरलल फायबर चालू असतील त्यांची जोडणी पक्की होते. १९७१ ला आल्बसने जवळपास तीच थिअरी मांडली पण म्हणाला जोडणी पक्की नाही, कमजोर होते. १९८२ ला मासाओ इतोच्या प्रयोगशाळेत मोजलं तर कमजोरच होत होती. म्हणजे मारची दिशा उलटी निघाली, पण शिक्षकाची कल्पना टिकली आणि ती प्रयोगाने तपासता आली हे मला फार मोठं वाटतं.

पुढे मेंदूच्या नियोकॉर्टेक्स आणि हिप्पोकॅम्पस ह्या भागांवर अजून दोन पेपर, आणि मग त्याने हे सगळं सोडलं!! वय तिशीच्या आत. कारण त्याच्या लक्षात आलं की कुठली तार कुठे जोडलीय हे कळलं तरी ते यंत्र कुठलं काम सोडवतंय हे त्यातून कळत नाही. १९७३ ला एमआयटीच्या एआय लॅबमध्ये गेला, तिथे न्यूरोसायकॉलॉजिस्ट एलिझाबेथ वॉरिंग्टनचं व्याख्यान ऐकलं. मेंदूच्या उजव्या बाजूला इजा झालेल्या काही पेशंटना वस्तू नेहमीच्या कोनातून ओळखता यायची पण वेगळ्या कोनातून दाखवली की नाही, आणि डावीकडे इजा झालेल्या काहींना आकार नीट कळायचा पण वस्तूचं नाव किंवा उपयोग सांगता यायचा नाही. त्यावरून त्याने धरलं की आकार समजणं हे वस्तू ओळखण्यापासून वेगळं काम आहे.

त्याच्या तीन पातळ्या (काय सोडवायचंय, कुठल्या पद्धतीने, कुठल्या हार्डवेअरवर) सगळे पाठ म्हणतात, पण मला त्या खऱ्या कळल्या स्टिरिओवरून, म्हणजे दोन डोळ्यांनी खोली कशी कळते त्यावरून. यूलेश नावाच्या संशोधकाचे रँडम ठिपक्यांचे फोटो घे, डाव्या आणि उजव्या डोळ्याला एकेक. एका डोळ्याने नुसता कचरा, दोन्ही डोळ्यांनी बघितलं की मधला चौकोन वर उचलून येतो. म्हणजे मेंदू आधी वस्तू ओळखून मग डावं उजवं जुळवतो असं नाहीच, कारण ओळखायला एका फोटोत काहीच नाही. मग कुठला ठिपका कुणाशी जुळवायचा? मार आणि पोज्जिओने १९७६ ला जगाबद्दलच्या दोन गोष्टी धरल्या, एका जागी एकच खोली असते आणि पृष्ठभाग बहुतेक ठिकाणी सलग असतो. तेवढ्यावर अल्गोरिदम उभा राहिला. मेंदूची पेशीही त्यात कुठे आली नाही आणि कोडही नाही, आधी जगाबद्दलची अट.

पुढे ल्युकेमिया निघाला, आजारपणात पुस्तक लिहिलं, नोव्हेंबर १९८० मध्ये गेला, वय ३५. पुस्तक १९८२ ला आलं. कॉम्प्युटर व्हिजनच्या आयसीसीव्ही परिषदेत उत्कृष्ट पेपरला मार प्राइज देतात ते त्याच्याच नावाने.

तर त्याने दोन विषय धरले नव्हते, एक प्रश्न धरला होता.

मधलीसुट्टी:
सांजवात, प्रतिसाद आवडला पण पूर्ण सहमत नाही. आधी वरची पातळी सोडवा मग खालच्या बघा हे कागदावर छान दिसतं, घडलं मात्र उलटं. २०१२ ला अ‍ॅलेक्सनेट ह्या न्यूरल नेटवर्कने इमेजनेट ह्या फोटो ओळखण्याच्या स्पर्धेत टॉप फाइव्ह चुका (पहिल्या पाच अंदाजांत बरोबर उत्तर नसणं) २६ टक्क्यांवरून १५ वर आणल्या, तेव्हा जगाबद्दलच्या अटी कुणी हाताने लिहिल्या नव्हत्या, नेटवर्क डेटातून शिकलं. आणि २०१४ ला यामिन्स आणि डिकार्लोच्या ग्रुपने दाखवलं की नेटवर्क वस्तू जितक्या चांगल्या ओळखतं तितका माकडाच्या आयटी कॉर्टेक्समधल्या (मेंदूचा वस्तू ओळखणारा भाग) पेशींचा अंदाजही चांगला देतं, पेशींचा डेटा ट्रेनिंगला न वापरता. म्हणजे इंजिनिअरिंग पुढे गेलं आणि न्यूरोसायन्सला मॉडेल मिळालं.

सांजवात:
हो, पण २०१९ चं गायरहोसचं काम बघा ना. मांजराच्या आकारावर हत्तीची कातडी चढवली तर माणूस मांजर म्हणतो आणि इमेजनेटवर शिकलेलं नेटवर्क हत्ती म्हणतं. दोघांचे आकडे जुळतात पण दोघं तेच काम सोडवतायत का, हा मारचाच प्रश्न झाला की.

मधलीसुट्टी:
हे मान्य. इथेच पीएचडीचा विषय आहे खरंतर.

उंबरठा:
मी व्हिजनमध्ये पीएचडी करून न्यूरोच्या लॅबमध्ये पोस्टडॉक केलं, त्यामुळे रोजचं काम कसं असतं ते सांगतो. पहिला धक्का डेटाचा. तोच फोटो त्याच पेशीला दाखवला तर एकदा १२ स्पाइक (पेशीचे सिग्नल), पुढच्या वेळी ७, आपल्याला सवय असते की तेच इनपुट म्हणजे तेच आउटपुट. मी तीन महिने मॉडेल सुधारत बसलो होतो आणि मग कळलं की पेशीतच तेवढा गोंगाट आहे, ह्याच्या वर कुठलंच मॉडेल जाऊ शकत नाही. ही कमाल मर्यादा आधी काढायची असते, मला कुणी सांगितलं नव्हतं. दुसरं म्हणजे वेग. व्हिजनमध्ये परिषदेच्या तारखांवर वर्ष चालतं, इकडे एका प्राण्याला ट्रेन करायलाच कित्येक महिने जातात आणि पेपर जर्नलमध्ये. बरोबरचे पटापट पेपर काढतायत आणि तुझा डेटा अजून यायचाय, हा ताण खरा आहे, तो धरूनच निर्णय घे. गाईड मात्र असा बघ जो दुसऱ्या बाजूच्या लोकांबरोबर खरंच पेपर लिहितो. कोसाइन आणि सीसीएन ह्या दोन्ही विषय जोडणाऱ्या परिषदांचे कार्यक्रम चाळलेस तर अशी नावं लगेच दिसतील.

आणि अर्ज करायच्या आधी हात घालून बघ. अ‍ॅलन इन्स्टिट्यूटचा उंदराच्या व्हिज्युअल कॉर्टेक्सचा डेटा फुकट आहे, त्यात ११८ फोटो, प्रत्येक ५० वेळा दाखवलेला. तुझं सेग्मेंटेशनचं नेटवर्क घे, मधल्या लेयरवरून पेशीचा रिस्पॉन्स सांगता येतो का बघ.

निरभ्र:
सगळ्यांचे मनापासून आभार, सांजवातताईंचा प्रतिसाद तीनदा वाचला. डेटा आजच उतरवायला लावतो. उंबरठा सर, ती कमाल मर्यादा काढायची कशी? ५० वेळांची सरासरी घेतली की झालं का?

उंबरठा:
नुसती सरासरी नको. ५० चे यदृच्छया दोन गट कर, २५ आणि २५, दोन्हीची वेगवेगळी सरासरी काढून ११८ फोटोंवर कोरिलेशन बघ, हे बऱ्याचदा वेगवेगळे गट पाडून कर. अर्धाच डेटा वापरल्याने आकडा कमी येतो, त्याला स्पिअरमन-ब्राउनची दुरुस्ती लाव. ज्या पेशींचा आकडा शून्याच्या आसपास येतो त्या आधीच बाजूला काढ, आणि त्या का काढल्यास ते वहीत लिहून ठेव.